मुंबईच्या पावसाळ्यातील ऋतुचर्या

आयुर्वेदानुसार उन्हाळ्यात साठलेला वात (वात, पित्त, कफ या शरीरातील तीन दोषांपैकी एक) वर्षा ऋतूत प्रकुपित होतो, म्हणजे बळावतो, आणि जठराग्नी (पचनशक्ती) मंदावतो. म्हणून मुंबईत पाऊस स्थिरावला की पहिला बदल ताटात करावा. लोकलच्या प्रवासामुळे घरी पोहोचायला नऊ वाजत असतील, तर संध्याकाळी कार्यालयातच ज्वारीच्या लाह्या किंवा भाजलेले पोहे खावेत आणि रात्री सुंठ, जिरे, हिंग व थोडे तूप घातलेले मुगाचे गरम कढण तेवढे घ्यावे. तांदूळ जुना वापरावा. तो न मिळाल्यास नवा कोरडा भाजून शिजवावा. पाणी उकळून गार केलेले प्यावे. कांदाभजी वर्ज्य करा, असे मुंबईकराला सांगणे व्यर्थ आहे. ती दुपारी खावी आणि रात्रीचे जेवण कमी करावे.

भिजून आल्यावर एसीत बसण्यापूर्वी कपडे बदलावेत, यासाठी कार्यालयात एक कोरडा जोड ठेवावा. सुट्टीच्या दिवशी आंघोळीपूर्वी अंगाला कोमट तिळाचे तेल लावावे. दुपारची झोप टाळावी.

मावळत्या ऋतूचे शेवटचे सात आणि नव्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी मानला जातो. या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात आणि नव्या हळूहळू धराव्यात, कारण एकाएकी केलेला बदल बाधतो. पुढे शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात, पित्त वाढते. तेव्हा दही, आंबट व तिखट कमी करून पडवळ, दुधी, आवळा यांकडे वळावे. नियमित औषधे चालू असलेल्यांनी मात्र आहारातील कोणताही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.