त्रिमितीतला बिंदू नेमक्या पिक्सेलवर आणताना

कॅमेऱ्यासमोरचा बिंदू फोटोत कुठे पडेल याचं सूत्र एका ओळीचं आहे: आडवा पिक्सेल = फोकल लेंथ × एक्स ÷ झेड + मध्यबिंदू. उभ्यासाठी एक्सच्या जागी वाय. एक्स म्हणजे बिंदू लेन्सच्या अक्षाच्या उजवीकडे किती, वाय म्हणजे खाली किती. फोकल लेंथ इथे पिक्सेलमध्ये धरायची, आणि मध्यबिंदू म्हणजे लेन्सचा अक्ष फोटोत जिथे पडतो तो पिक्सेल. झेड म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं तिरकं अंतर नव्हे, लेन्सच्या अक्षावर मोजलेली खोली. लेझर मीटरचा आकडा तसाच टाकला की कडेचे बिंदू मध्याकडे सरकतात.

तपासायला मुंबईत लोकलच्या रुळांसारखी मोजपट्टी नाही. ब्रॉडगेजमध्ये रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १.६७६ मीटर ठरलेलं आहे, त्यामुळे मोजायला रुळांवर उतरावं लागत नाही (उतरूही नका). पुलावरून रुळांच्या दिशेनं समोर पाहणारा कॅमेरा घ्या: फोटो १९२० × १०८०, फोकल लेंथ १४०० पिक्सेल, मध्यबिंदू ९६०, ५४०. डावा रूळ एक्स २, वाय ६, झेड २० मीटरवर असेल तर तो ११००, ९६० वर पडतो. उजवा आडवा १२१७.३ वर. मधे ११७.३ पिक्सेल. ४० मीटरवर हेच अंतर निम्मं होतं. फोटोत मोजून जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

फोकल लेंथ कॅलिब्रेशनमधूनच काढा, म्हणजे छापलेल्या बुद्धिबळाच्या पटाचे फोटो घेऊन. पटावर १० × ७ चौकोन असतील तर ओपनसीव्हीला (फोटोंवर काम करणारी मोफत प्रोग्रॅम लायब्ररी) ९ × ६ सांगायचं, कारण ते आतले कोपरे धरतं. प्रिंटर चौकोन लहान करतो, म्हणून पट्टीनं मोजा. पावसाळ्यात कागद फुगतो, काचेवर चिकटवा. ऑटोफोकस बंद ठेवून, पट तिरका करत, फोटोचे चारही कोपरे भरतील असे वीसेक फोटो घ्या. सरासरी चूक (सूत्रानं काढलेला कोपरा आणि फोटोतला कोपरा यांतलं अंतर) अर्ध्या पिक्सेलच्या आत हवी. नंतर फोटो निम्मा केलात तर फोकल लेंथ आणि मध्यबिंदूही निम्मे करा. हे हमखास विसरतं.

बाहेरच्या अक्षांत, म्हणजे नकाशावर वगैरे मोजलेले बिंदू आधी कॅमेऱ्याच्या अक्षांत आणायचे: रोटेशननं (अक्ष फिरवणारं ३ × ३ मॅट्रिक्स) गुणून ट्रान्सलेशन (सरकवणारे तीन आकडे) मिळवायचं. ट्रान्सलेशन म्हणजे कॅमेऱ्याची जागा नव्हे. जागा हवी तर रोटेशनच्या ट्रान्सपोजनं (ओळींचे स्तंभ केलेलं मॅट्रिक्स) ट्रान्सलेशनला गुणून चिन्ह बदला. ओपनसीव्हीत वाय खाली वाढतो, तेव्हा चित्र उलटं आलं तर आधी तेच बघा.

नकाशावरचे यूटीएम आकडे (जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) थेट वापरू नका. दादरचा उत्तरेचा आकडा २१ लाख मीटरच्या घरात जातो आणि तिथे ३२ बिटचा फ्लोट (कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडा साठवायचा प्रकार) पाव मीटरच्या टप्प्यानं उडी मारतो. २० मीटरवर ते साडेसतरा पिक्सेल होतात. जवळचा एक खांब शून्य धरा आणि वजाबाकी ६४ बिटमध्येच करा.

झेड शून्य किंवा ऋण असलेले बिंदू आधीच गाळा, नाहीतर पाठीमागचा फलाट फोटोत उलटा उमटतो.