विमानाने गणपतीला येताय? या चुका टाळा

चतुर्थी झाली की कुडाळच्या माझ्या दवाखान्यात ताप-खोकल्याची रांग लागते, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, विमानातली हवाच वाईट." तसं नाही. मोठ्या जेट विमानात उड्डाणादरम्यान हवा तासाला 20 ते 30 वेळा बदलते. साधारण अर्धी बाहेरून येते, उरलेली हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली असते. वरून येते, पायाशी खेचली जाते. धोका असतो तो मुख्यतः जवळ बसून खोकणाऱ्याचा.

गोळी घेऊन विमानात बसणे. याचा मला खरोखर राग येतो. अंगात ताप आहे, पण तिकीट महाग पडलंय, मग पॅरासिटामॉल घ्यायची आणि निघायचं. गोळीने ताप उतरतो, खोकल्यातून विषाणू पसरायचा थांबत नाही. मागे एक चाकरमानी असाच हरतालिकेला गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरला. संध्याकाळी घरी मखर बांधायला बसला, दुसऱ्या दिवशी भरल्या माजघरात आरत्या म्हटल्या. फ्लूची लक्षणं दिसायला 1 ते 4 दिवस लागतात. गौरी आल्या तेव्हा पडवीत चटया टाकून निम्मं घर कण्हत होतं, सुनेचा ओवसा (गौरीपुढचं सुपांचं वाण) राहिला, आणि दम्याच्या आजीला ऑक्सिजन लावावा लागला. तिकीट बुडालं तर बुडू द्या. पुढच्या वर्षी बाप्पा येणारच आहेत.

जमिनीवर असताना मास्क काढणे. लोक उडताना मास्क लावतात आणि विमान थांबलं की हनुवटीखाली ओढतात. हे नेमकं उलट आहे, कारण उभ्या विमानात हवा खेळवणं कमी किंवा बंद असू शकतं. 1977 साली अलास्कात बिघाडामुळे एक विमान खोळंबलं. सुमारे 3 तास हवेची यंत्रणा बंद, आत 54 माणसं आणि त्यात एक फ्लूचा रुग्ण. 3 दिवसांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले. आपल्याकडे पावसात विमान खोळंबणं नवीन नाही. तेव्हा चढताना, थांबलेलं असताना आणि उतरताना एन-95 नाकावर घट्ट हवा.

डोक्यावरची हवेची झडप थंडी वाजते म्हणून बंद करू नका, शाल घ्या. शक्य तर खिडकीची जागा घ्या, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क कमी. चाकं टेकताच उठून एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभं राहायची काहीच गरज नाही, दार उघडेपर्यंत बसा.

फ्लूची लस निघण्याच्या आदल्या दिवशी मागू नका. ती लागू व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. तिकीट काढाल त्याच आठवड्यात घ्या, आणि गावच्या म्हाताऱ्यांनाही द्या.

घरी पोचल्यावर घसा खवखवला तर वेगळ्या खोलीत झोपा, जेवण तिथेच मागवा, आजी-आजोबांना लांबूनच नमस्कार करा. गोळीशिवाय 24 तास ताप आला नाही की मगच माणसांत या. धाप लागली तर मात्र विसर्जनाची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.