जर्मनीत नोकरीसाठी जाताय? पत्त्याची नोंदणी अशी करा

जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या माणसाची पहिल्या दोन महिन्यांतली बहुतेक सगळी कामं एका कागदापाशी अडतात. तो म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी झाल्याचा दाखला. या नोंदणीला तिथे आनमेल्डुंग म्हणतात. ती झाली की करक्रमांक येतो आणि करक्रमांक आला की पगारातून योग्य तेवढाच कर कापला जातो. बऱ्याच बँका खातं उघडताना हा दाखला मागतात, निवासपरवान्याच्या अर्जालाही तो जोडावा लागतो. व्हिसा, विमानाचं सामान, थंडीचे कपडे यांवर पानंच्या पानं वाचायला मिळतात. आनमेल्डुंगबद्दल मात्र 'सोपं असतं, दहा मिनिटांत होतं' एवढं सांगून लोक मोकळे होतात. कार्यालयातलं काम दहा मिनिटांचंच आहे, हे खरं. पण तिथे जाण्याआधी घर देणाऱ्याची सही असलेला एक कागद लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं.

आधी नियम बघू. १ नोव्हेंबर २०१५पासून लागू असलेल्या नोंदणी कायद्यानुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करायची असते. हे दोन आठवडे विमान उतरल्याच्या तारखेपासून धरायचे नाहीत, त्या घरात राहायला गेल्याच्या तारखेपासून धरायचे. उशीर झाला तर कायद्यात १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपलं मूळ घर भारतातच आहे आणि जर्मनीत तीन महिन्यांहून कमी काळ काम आहे, अशांना ही नोंदणी करावी लागत नाही. नोकरीचा करार घेऊन, बिऱ्हाड हलवून येणाऱ्यांनी मात्र या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

कागदपत्रं

पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याचं पत्र. कुटुंब सोबत असेल तर विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि या सगळ्यांची शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेली जर्मन भाषांतरं. सगळं मूळ प्रतीत न्या.

घर देणाऱ्याचं पत्र

या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक असलं तरी कागद एका पानाचा असतो. त्यावर पाच गोष्टी लागतात: घर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पूर्ण पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. खाली तारीख आणि सही. कोरा नमुना प्रत्येक शहराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

सगळ्यात जास्त फिरणारा आणि सगळ्यात चुकीचा सल्ला म्हणजे 'भाडेकरार दाखवला की चालतं'. नाही चालत. भाडेकरार वीस पानी असो, त्यावर शिक्का असो, कायद्याला हे वेगळं पत्रच हवं असतं. करारावर करार झाल्याची तारीख असते, पत्रावर प्रत्यक्ष राहायला आल्याची. कार्यालयाला दुसरी तारीख हवी असते.

पत्रावर सही करायचा अधिकार घर देणाऱ्याला असतो, आणि तो दर वेळी मालकच असेल असं नाही. मालकाने इमारतीचं व्यवस्थापन एखाद्या कंपनीकडे दिलं असेल तर ती कंपनी सही करू शकते. तुम्ही कोणाच्या घरात एक खोली घेऊन पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर मूळ भाडेकरू सही करतो. गडबड इथेच होते. जर्मनीत पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते. ज्याने ती घेतलेली नाही, तो तुम्हाला खोली देईल, भाडं घेईल, पण सही करणार नाही, कारण सही केली की त्याचं बिंग फुटतं. जाहिरातीत 'ओने आनमेल्डुंग', म्हणजे नोंदणीशिवाय, असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा यामुळेच. अशी खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. भाड्यात महिन्याला वाचलेले शंभर-दीडशे युरो पहिल्या पगाराच्या जादा करकपातीतच निघून जातात, आणि डोक्याला ताप होतो तो वेगळाच.

म्हणून घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, हा विचारा: 'इस्ट आइने आनमेल्डुंग म्योग्लिश?' म्हणजे इथे नोंदणी करता येईल का? उत्तर लेखी घ्या, साधा ईमेलही चालेल. फोनवरचं 'हो हो, बघू' हे उत्तर नकारच समजा. कंपनी पहिले काही आठवडे सर्व्हिस्ड अपार्टमेंट देत असेल तर निघण्यापूर्वीच एचआरला ईमेल करून विचारा की त्या घराचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग मिळणार का. काही अपार्टमेंटवाले ते सहज देतात, काही अजिबात देत नाहीत. माझं ठाम मत असं की पहिल्या तीन महिन्यांसाठी थोडं महाग, थोडं लांब, पण पत्र मिळणारं, फर्निचरसह असलेलं घर घ्यावं. कायमचं घर त्यानंतर निवांत शोधावं.

मित्राच्या घरी उतरणार असाल तर तिथेही हाच हिशोब. तुम्ही खरोखर तिथे राहत असाल आणि त्याच्या मालकाची हरकत नसेल, तर मित्र सही करू शकतो. पण 'राहतो कुठेही, पत्ता फक्त तुझा दे' हे चालत नाही. प्रत्यक्ष न राहता दिलेल्या पत्त्याच्या पत्रासाठी ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो पत्र देणाऱ्याला बसतो. आपल्या सोयीसाठी मित्राला त्या खड्ड्यात ढकलू नका. टेलिग्राम आणि फेसबुकवर 'नोंदणीसाठी पत्ता' विकणारेही असतात. त्यांच्याकडून पत्ता विकत घेणं म्हणजे आपला करक्रमांक, बँकेचं कार्ड आणि परदेशी नागरिक कार्यालयाची पत्रं एका अनोळखी माणसाच्या पेटीत टाकायला सांगणं.

पैशांचं एक भान ठेवा. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. मूळ भाडं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च वगळून असलेलं भाडं. 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं सांगणारा मालक दिसला की संभाषण तिथेच थांबवा. घर न बघता आणि किल्ली हातात न घेता एक युरोही पाठवायचा नाही.

पत्र हातात आलं की ते देणाऱ्यासमोरच वाचा. सही राहून गेलेली असते, पत्नीचं किंवा मुलाचं नाव गाळलेलं असतं, नाव पासपोर्टप्रमाणे नसतं, किंवा राहायला आल्याच्या जागी करार झाल्याची तारीख पडलेली असते. यांतली कोणतीही एक चूक असली तरी काउंटरवरून परत फिरावं लागतं आणि नवी अपॉइंटमेंट शोधत बसावं लागतं.

घर देणारा टाळाटाळ करत असेल तर नुसतं गोड बोलून वेळ घालवू नका. हे पत्र देणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे आणि न दिल्यास त्यालाही १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला ईमेल करा, नमुना जोडा, अमुक तारखेपर्यंत द्या असं लिहा. तरीही दिलं नाही तर नोंदणी कार्यालयाला लगेच कळवा. असं कळवणं ही कायद्याने तुमचीच जबाबदारी आहे, त्यात चुगलखोरी काही नाही.

अपॉइंटमेंट

नोंदणी ब्युर्गरआम्ट नावाच्या नागरिक कार्यालयात होते. काही शहरांत त्याचं नाव वेगळं असतं. छोट्या गावांत थेट गेलात तरी काम होतं. बर्लिनमध्ये अपॉइंटमेंट मिळवणं हेच एक काम असतं, पण तिथे शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंदणी करता येते. आपल्याच भागातल्या कार्यालयाचा हट्ट धरू नका, सगळी निवडून शोधा. इतरांनी रद्द केलेल्या वेळा दिवसभर अधूनमधून उघडतात. म्हणून सकाळी एकदा बघून निराश होण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा पान ताजं करा. सरकारी चौकशीचा ११५ हा फोन क्रमांकही उपयोगी आहे. दोन आठवड्यांच्या आतली वेळ मिळाली नाही तर पुढची घ्या आणि प्रयत्न केल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. वेळेत अपॉइंटमेंट मागितलेल्या माणसाला सहसा कोणी दंड लावत नाही.

काउंटरवर

दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, धर्माचा रकाना. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकार चर्चचा कर वसूल करतं: बायर्न आणि बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. कर वसूल करणाऱ्या अशा कोणत्याही धर्मसंस्थेचे तुम्ही सदस्य नसाल तर तसं स्पष्ट सांगा आणि स्क्रीनवर काय टाइप होतंय ते बघून घ्या.

दुसरी, नाव. आपल्या पासपोर्टात आडनावाखालच्या 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. जर्मन नोंदीत ती दोन्ही तुमची पहिली नावं म्हणून जातात. त्यावर वाद घालू नका. फक्त बँक, आरोग्य विमा, पगाराचा विभाग, सगळीकडे अगदी तसंच नाव द्या. एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून कागद अडकतात.

दाखला तिथल्या तिथे मिळतो. कार्यालयाबाहेर पडण्याआधी त्यातलं प्रत्येक अक्षर तपासा.

पत्रपेटीवर नाव

ही पायरी जवळजवळ कोणीच सांगत नाही. जर्मनीतल्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर, संपलं. एका दारामागे वीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचूनच पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र 'इथे असा कोणी राहत नाही' म्हणून परत जातं. करक्रमांक पोस्टानेच येतो, बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून पोस्टानेच येतात, निवासपरवान्याचा पत्रव्यवहारही बऱ्यापैकी पोस्टानेच चालतो. त्यामुळे राहायला गेल्याच्या दिवशीच पेटीवर आणि दाराच्या बेलवर आडनाव लावा. मालकाची छापील पट्टी यायला वेळ लागणार असेल तर कागदावर ठळक लिहून टेपने चिकटवा. पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपलं नाव लावा.

त्यानंतर काय येतं

अकरा आकडी करक्रमांक, श्टॉयर-आयडी, केंद्रीय कर कार्यालयाकडून साधारण दोन ते चार आठवड्यांत येतो. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, आणि फोन किंवा ईमेलवर तो क्रमांक कोणी सांगत नाही. पत्र हरवलं तर त्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावरून पुन्हा मागवता येतं, तेही पोस्टानेच. पगारातून कर किती कापायचा ते करवर्गावर ठरतं. दरम्यान कंपनीने सहाव्या करवर्गात टाकलं तर पगार बघून धक्का बसेल, कारण त्या वर्गात करमुक्त रकमेची सवलत नसते. क्रमांक दिल्यावर हिशोब सुधारला जातो, पैसे बुडत नाहीत. जोडीदार अजून भारतात असेल तर सध्या पहिला करवर्गच लागतो. तो जर्मनीत येऊन त्याचीही नोंदणी झाल्यावर वर्ग बदलून घ्या.

रेडिओ-टीव्ही शुल्काचंही पत्र येतं. ऑगस्ट २०२१पासून ते महिन्याला १८.३६ युरो आहे. घरात टीव्ही नसला तरी ते द्यावंच लागतं, पण ते माणशी नाही, घरामागे एकदाच असतं. सोबतचा कोणी आधीच भरत असेल तर त्याचा या शुल्काचा क्रमांक कळवा. पत्र जाहिरात समजून फेकू नका, थकबाकी साठत जाते.

निवासपरवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आत दाखल झालाच पाहिजे. अपॉइंटमेंट लांबची मिळाली तरी हरकत नाही. वेळेत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंतचा मुक्काम कायदेशीर धरला जातो आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घेता येतं. ते नोकरीच्या ठिकाणी दाखवावं लागतं.

घर बदललं की दोन आठवड्यांत पुन्हा नोंदणी, पुन्हा नव्या घर देणाऱ्याचं पत्र. जर्मनी सोडून परत निघताना आबमेल्डुंग, म्हणजे नाव कमी करणं. ते निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी किंवा निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायचं. त्याच्या दाखल्याच्या दोन प्रती काढून ठेवा. रेडिओ-टीव्ही शुल्क आपोआप बंद होत नाही, ते बंद करताना हाच दाखला मागतात.