पन्हाळ्याच्या वाटांसाठी पोलादी फुल-सस्पेन्शन सायकल
पन्हाळा-जोतिबाच्या जांभ्या दगडांच्या वाटांवर पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारे सस्पेन्शन असलेली ही सायकल नेण्यापूर्वी सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, ठरवून घ्यावे. हेल्मेट आणि भरलेल्या पाठपिशवीसह भिंतीच्या आधाराने सीटवर बसावे, मागच्या शॉकवरील, म्हणजे धक्का शोषणाऱ्या भागावरील, रबरी कडी सीलला टेकवावी आणि सायकल न उसळवता अलगद उतरावे. शॉकची चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त दबू शकतो ते अंतर, 50 मिलिमीटर असेल, तर कडी सुमारे 15 मिलिमीटर, म्हणजे 30 टक्के, सरकलेली दिसली पाहिजे. कमी सरकल्यास हवा थोडी सोडावी, जास्त सरकल्यास शॉकच्या पंपाने भरावी. पुढच्या फोर्कला 20 टक्के पुरतात.

उतारावर दोन्ही पेडल सारख्या उंचीवर ठेवून सीटवरून उठावे, हातांची कोपरे सैल सोडावीत आणि ब्रेक वळणाच्या आधीच दाबावेत.

पोलादाला खरी भीती कोल्हापूरच्या पावसाची आहे. भिजलेल्या सायकलची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून सायकल उलटी ठेवावी, पाणी पूर्ण निथळल्यावर नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारावे. मात्र ते डिस्क ब्रेकवर मुळीच उडू देऊ नये. वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते, म्हणून बादलीभर पाणी आणि मऊ ब्रशनेच सायकल धुवावी.