एचएसजीला जाण्यापूर्वी
एचएसजी म्हणजे गर्भाशयमुखातून आयोडीनयुक्त द्रव सोडून दोन्ही गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे एक्स-रेवर पाहण्याची तपासणी. पहिल्या खेपेस मी टेबलावर झोपूनही ती झाली नाही, म्हणून दुसऱ्या खेपेआधी ही तयारी लिहून काढली.

पाळी आली की त्याच दिवशी फोन करून वेळ घ्यावी. धड रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस धरावा, आधीचे डाग मोजू नयेत. रक्तस्राव थांबल्यानंतर आणि साधारण दहाव्या दिवसाच्या आत ही तपासणी करतात, कारण पुढे बीज बाहेर पडण्याचा काळ जवळ येतो.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून तपासणी होईपर्यंत शरीरसंबंध ठेवू नयेत. एकदाही नाही. चादर पोटापर्यंत ओढून मी झोपले होते तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "पाळीनंतर संबंध आला होता का?" मी खरे ते सांगितले, "परवा." त्यांनी हातमोजे काढून ठेवले आणि मला पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागले. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, आणि नुकताच गर्भ राहत असेल तर द्रव आणि किरण दोन्ही त्याला धोक्याचे. लघवीची चाचणी नकारार्थी आली म्हणूनही भागत नाही, कारण इतक्या लवकर तिला गर्भ कळतच नाही. हे पथ्य एकटीचे नसल्यामुळे जोडीदारालाही तारखा स्पष्ट सांगाव्यात. संकोचापायी महिना वाया घालवू नये. पाळी नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळी आली असेल, तर तेही लपवू नये.

आयोडीनची किंवा आधीच्या एखाद्या एक्स-रे द्रवाची ॲलर्जी, दमा, थायरॉइडचा विकार, मेटफॉर्मिनच्या (मधुमेहावरील) गोळ्या, ओटीपोटात पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, हे सारे वेळ घेतानाच सांगावे. संसर्गाचा इतिहास असल्यास प्रतिजैविक आधी सुरू करावे लागू शकते. सध्या ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर तपासणी पुढे ढकललीच पाहिजे. वेदनाशामक गोळी साधारण तासभर आधी, पण डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. द्रव आत जाताना पाळीसारख्या कळा येतात आणि गोळीने त्या सुसह्य होतात. जुने अहवाल, फिल्म, सोबतीला कोणीतरी. लघवी करून जावे.

निघण्यापूर्वी पुन्हा एकदा तारखा पाहाव्यात: पाळीच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत संबंध नाही ना? आला असेल तर टेबलावर जाण्याआधी, फोनवरच सांगून टाकावे.

नंतर एक-दोन दिवस चिकट स्राव आणि थोडे डाग दिसतात. पॅड वापरावे, टॅम्पॉन नको. ताप, वाढती वेदना किंवा दुर्गंधी जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अहवालात नलिका गर्भाशयाजवळ बंद दिसली, तर ती आकसल्यामुळे तर तशी दिसत नाही ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.