आकुंचन एन्झाइममुळे, की रसातल्या दुसऱ्याच कशामुळे?

अननस-पपईतल्या एन्झाइममुळे गर्भाशय आखडतं का, हे तपासताना औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना अननसाचा रस थेट ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे स्नायूची पट्टी द्रावणात टांगून तिचं आकुंचन मोजायच्या भांड्यात, टाकू देत नाही. उंदराच्या गर्भाशयाची पट्टी आखडते, आलेख वर जातो आणि वहीत लगेच 'ब्रोमेलेनचा (अननसातल्या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा) परिणाम' असं उतरतं. पण त्या रसाचा पीएच ३.५च्या आसपास असतो, त्यात भरपूर पोटॅशियम असतं आणि सेरोटोनिनही असतं. पोटॅशियम आणि सेरोटोनिन ही दोन्ही उंदराच्या गर्भाशयाचा स्नायू स्वतःच आखडवू शकतात.

म्हणून आधी रस गाळा आणि डायलिसिसच्या, म्हणजे फक्त लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या, पिशवीत भरून थंड ठिकाणी डि जॅलॉन द्रावणात (बाथमध्ये वापरतात त्या क्षारांच्या द्रावणात) ठेवा. द्रावण अधूनमधून बदला. पोटॅशियम, सेरोटोनिन, आम्ल असे लहान रेणू बाहेर जातात; ब्रोमेलेन आणि पपईतलं तसंच एन्झाइम पपेन हे मोठे रेणू, सुमारे २३ किलोडाल्टनचे, ते आत राहतात. द्रावण बाथमधलंच वापरल्याने क्षारही जुळतात.

पिशवीतल्या अर्काचे दोन भाग करा. एक दहा मिनिटं उकळा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींचे थेंब जिलेटिनच्या द्रावणात घालून थंड करा. एन्झाइम जिवंत असेल तर जिलेटिन गोठत नाही. ही साधी चाचणी कधीच वगळू नका.

पट्टी ३२ अंशांच्या डि जॅलॉनमध्ये टांगा. त्यात कॅल्शियम कमी असल्याने आपोआप होणारी आकुंचनं शांत राहतात. पट्टी स्थिरावली की ऑक्सिटोसिन या गर्भाशय आखडवणाऱ्या संप्रेरकाचा मोजका डोस द्या, धुवा, मग उकळलेला अर्क, धुवा, मग कच्चा, म्हणजे न उकळलेला. उकळलेला अर्कही तितकाच आखडवत असेल तर एन्झाइमचा त्यात हात नाही. फक्त कच्च्यानेच परिणाम दिला, तर पपेनसाठी ई-६४ हा अवरोधक घालून पुन्हा बघा. खोडातल्या ब्रोमेलेनला तो फार मंद अडवतो, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

शेवटी पुन्हा ऑक्सिटोसिन द्या. प्रतिसाद आधीपेक्षा खाली आला असेल तर प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने पट्टीच कुरतडली असावी. मग त्या पट्टीवरचं शेवटचं वाचन मी धरत नाही.

नमुन्याचं नाव नेमकं लिहा. २००२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये उंदरांवरचा अभ्यास आला: पिकलेल्या पपईच्या रसाने गर्भाशयाच्या स्नायूवर लक्षणीय आकुंचन दिसलं नाही, चिकाने मात्र ऑक्सिटोसिनसारखी आकुंचनं आली. पपेन या चिकातच असतं आणि फळ पिकत जातं तसा चीक कमी होतो. नुसतं 'पपई' लिहिलंत तर दोन वेगळे निकाल एकाच नावाखाली जातात.

आणि निष्कर्षात 'खाल्ल्यावर' हा शब्द येऊ देऊ नका. गिळलेलं प्रथिन पोटात बऱ्याच अंशी तुटतं. बाथमधला डोस मात्र थेट स्नायूला भिडतो. गरोदर बाईने काय खावं, हा प्रश्न तिच्या डॉक्टरांचा आहे, आपल्या आलेखाचा नाही.