नाव छापायला टाकण्याआधी: सीमाभागातल्या नव्या उद्योगासाठी तयारीची यादी

पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरतात. नाव नंतर बदलावं लागलं तर तो सिलिंडरही बाद आणि छापून आलेला रोलही बाद. म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या नावाचा ट्रेडमार्क, म्हणजे नाव आपल्याच मालासाठी राखणारी सरकारी नोंदणी, मिळेल का ते तपासा. त्यासाठी आधी नाव तीन लिप्यांत लिहून काढा. बेळगाव, खानापूर, निपाणीत एकच नाव तीन रूपांत वावरतं: पाटीवर कन्नड (कर्नाटकच्या कायद्याने पाटीचा 60 टक्के भाग कन्नड हवा), पाकिटावर देवनागरी, बिलावर रोमन. समजा, मसाल्याचं नाव ‘सोनचाफा’ ठरलं. रोमनमध्ये ‘फ’ एफने लिहायचा की पी-एचने, ‘चा’ला एक ए की दोन, एवढ्यावरूनच चार स्पेलिंगं होतात. आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर आधीच्या नावांचा शोध मोफत आहे. तिथे चारही टाकून बघा आणि ‘वर्डमार्क’ (शब्दाच्या) शोधापाठोपाठ ‘फोनेटिक’ (उच्चाराचा) शोधही घ्या, कारण नाव कानाला सारखं लागलं तरी हरकत येते. चाफ्याला कन्नडमध्ये संपिगे म्हणतात. त्याच मालात ते नाव आधी नोंदलेलं असेल तर अर्थावरूनही वाद निघू शकतो. शेवटी कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला नाव वाचून दाखवा. ‘सिही’ मराठी कानाला नवं नि गोंडस वाटतं, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘गोड’.

मिठाईला ‘गोड’ म्हणणं हे वर्णन झालं, आणि वर्णनाला 1999च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 आडवं येतं. ‘बेळगाव कुंदा’, ‘गावरान तूप’ ही नावं एकट्याच्या मालकीची होत नाहीत. पुढे स्वतःचा वेगळा शब्द हवा. आपल्याकडे हमखास सुचणारं नाव म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचं. 1950च्या चिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांनी ‘कोल्हापुरी’ हा शब्द ब्रँड म्हणून धरू नये. ते भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे, त्यात बेळगावही येतं. तिथे अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची आणि ब्रँडचं नाव दुसरं ठेवायचं.

महापालिकेचा परवाना, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), फूड लायसन्स, अगदी कंपनीची नोंदणी झाली तरी नावावर ट्रेडमार्कचा हक्क येत नाही. हा गैरसमज फार महागात पडतो.

मग ट्रेडमार्कच्या अर्जासाठी मालाचा वर्ग ठरवा. माल-सेवांचे 45 वर्ग आहेत, 1 ते 34 मालाचे आणि पुढचे सेवांचे. मसाला, गूळ, मिठाई 30 मध्ये. लोणचं, तूप, भाजलेले काजू 29 मध्ये. यंत्रांचे सुटे भाग 7 मध्ये. हॉटेल 43 मध्ये. दुकानदारी 35 मध्ये. बेळगावातल्या शहापूरच्या साडीसाठी 24 आणि 25 दोन्ही तपासा. ऑनलाइन फी वर्गामागे 4,500 रुपये, पण ती व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला, बाकीच्यांना 9,000. भागीदारी फर्मने उद्यम प्रमाणपत्र जोडलं नाही तर दुप्पट फी बसते. दोन वर्गांसाठी दोन वेगळे अर्ज करा. फी तेवढीच पडते आणि एका वर्गावरच्या हरकतीत दुसरा अडकत नाही.

अर्जदार कोण, हे घरात बसून आधी ठरवा. एकट्याचा धंदा असेल तर अर्ज दुकानाच्या नावाने नव्हे, मालकाच्या नावाने. वडिलांच्या नावावर टाकलेलं चिन्ह पुढे मुलांकडे घ्यायचं तर हस्तांतराचे कागद आलेच. पत्त्याचाही विचार करा. बेळगावचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जातो, तर चार पावलांवरच्या शिनोळीचा मुंबईला, कारण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कारखाना शिनोळीत आणि ऑफिस बेळगावच्या टिळकवाडीत असेल तर धंद्याचं मुख्य ठिकाण कोणतं ते ठरवून तोच पत्ता सगळीकडे द्या. नोंदणी कुठेही झाली तरी ती भारतभर चालते, आणि सुनावणी सहसा व्हिडिओवर होते.

सगळ्यात जास्त घोळ वापराच्या तारखेचा होतो. नाव आधीपासून वापरात असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. कायदा आधी वापरणाऱ्याला जपतो (कलम 34), पण बिलावर नुसतं ‘मसाला 10 किलो’ असेल तर त्यातून काय सिद्ध होणार? आजपासून बिलावर ब्रँडचं नाव छापा; लेबलचं प्रूफ, छापखान्याचं बिल आणि जाहिरातीचं कात्रण तारखेसह एका फायलीत लावा. वापर सुरूच झाला नसेल तर ‘वापरण्याचा इरादा’ असंच भरा, जुनी तारीख ठोकू नका. चिन्हात कन्नड अक्षरं असतील तर त्यांचा उच्चार आणि अर्थ इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा, लोगोचा नंतर. लोगोचं रूप बदलतं, शब्द टिकतो.

लोगो काढणाऱ्याला पैसे दिले म्हणजे त्याचा कॉपीराइट आपला झाला असं बाहेरच्या डिझायनरच्या बाबतीत धरून चालू नका. सहीचा हस्तांतर लेख घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.

अर्ज भरल्यावर नावाजवळ टीएम लावता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी होईपर्यंत नाही, तो गुन्हा ठरतो. अर्जातला ईमेल रोज उघडणाऱ्या माणसाचा द्या. कार्यालयाने अर्ज तपासून काढलेल्या हरकतींचा परीक्षण अहवाल त्यावरच येतो आणि उत्तराला 30 दिवस असतात; ते चुकले तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. अर्जाच्या स्थितीत ‘ऑब्जेक्टेड’ (हरकत आहे) दिसलं म्हणून घाबरू नका, अर्ज फेटाळला असा त्याचा अर्थ नव्हे. पुढे ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये (सरकारी पत्रिकेत) नाव छापलं की चार महिने कुणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस हातात पडल्यापासून प्रतिउत्तराला दोन महिनेच मिळतात. नोंदणी 10 वर्षांची असते. जर्नलनंतर मोठ्या नावाच्या परदेशी ‘रजिस्टर’कडून पैसे मागणारी पत्रं येतात, शिक्क्यासकट. ती सरकारी नसतात. सरकारी फी फक्त पोर्टलवरच भरायची.